बांशीचा ठराव आणि आपली घरे

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याने महाराष्ट्राला वसंतराव नाईक व सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले. त्यामुळे राजकारणाच्या निमित्ताने या तालुक्याचे नाव वृत्तपत्रांत वारंवार येत असते. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये याच तालुक्यातील बांशी या गावाचे नाव देशभर झाले ते अगदी निराळ्या कारणाने. अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरू नये, असा ठराव त्या गावाच्या ग्रामसभेने संमत केला. कोरोनानंतर मुले मोबाइलच्या आहारी गेली आहेत, म्हणून हा निर्णय घ्यावा लागला; आरंभी अडचणी येतील, तेव्हा प्रथम पालकांना व मुलांना समजावून सांगू आणि त्यानंतरही मुले मोबाइल वापरताना आढळली तर दंड करू, अशी भूमिका सरपंच गजानन टाले यांनी त्या वेळी मांडली होती.

अशी वार्ता वाचून शहरातील सुशिक्षित मनुष्य बहुधा दोनच प्रकारे बोलतो. एक तर तो हसतो आणि ‘असे कुठे होत असते काय?’ असे म्हणून पान उलटतो. नाही तर सुस्कारा टाकून ‘आमच्याकडेही असे कोणी तरी करावयास हवे’ असे म्हणतो. आमच्या मते या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत. हसणाऱ्याला ठरावामागची कळकळ दिसलेली नाही आणि सुस्कारा टाकणाऱ्याला ठरावातली उणीव दिसलेली नाही. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचे बळ किती, याची चिकित्सा वकिलांनी खुशाल करावी. आपल्या घरांना या ठरावातून काय घेता येईल आणि काय टाळले पाहिजे, हा प्रश्न आम्हांला अधिक निकडीचा वाटतो.

घेण्यासारखी गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. जी चिंता प्रत्येक घर आपापल्या चार भिंतींत लपवून ठेवते, ती बांशीकरांनी चारचौघांत मांडली. शहरातील मध्यमवर्गीय घरांत मूल रात्री दोन वाजेपर्यंत पांघरुणात फोन घेऊन जागते, हे आईला ठाऊक असते, बापाला ठाऊक असते. पण शेजाऱ्याला कळता कामा नये, याची दोघेही काळजी घेतात. पालकसभेत गुणांची चर्चा होते, शुल्काची होते, बसच्या वेळापत्रकाचीही होते. या विषयाची मात्र होत नाही. जो प्रश्न सर्वांचा आहे तो प्रत्येकाने आपली खासगी नामुष्की समजून गिळून टाकावा, याहून अधिक हानिकारक गोष्ट दुसरी नाही. त्या दृष्टीने बांशीची ग्रामसभा आपल्या कित्येक निवासी संकुलांच्या सभांहून पुढे गेलेली आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

आता उणीव. मुलांच्या हाती हा फोन आला कसा, याचा विचार केल्यावाचून बंदीची भाषा बोलणे न्याय्य होणार नाही. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलुपे लागली आणि शाळाच फोनमध्ये जाऊन बसली. ज्या बापाने तोवर मुलाला फोनला हात लावू दिला नव्हता, त्यानेच प्रसंगी कर्ज काढून फोन आणला आणि ‘यावर अभ्यास कर’ म्हणून त्याच्या हाती दिला. पुढे शाळा उघडल्या. पण गृहपाठ व्हॉट्सअॅपच्या गटावरच येत राहिला, शिकवण्यांची चलचित्रे फोनवरच राहिली, परीक्षांचे अर्ज आणि निकालही तेथेच राहिले. एकीकडे शाळेने फोन पाहावयास सांगावे आणि दुसरीकडे घराने तो पाहू नये म्हणून दटावावे, अशा ओढाताणीत सापडलेले मूल दोघांचेही ऐकत नाही.

शिवाय बंदीला उशीर झालेला आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या २०२४ च्या ‘असर’ अहवालासाठी देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२.२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित कामासाठी तो वापरणारे ५७ टक्के होते. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. हे आकडे खेड्यांतील आहेत. शहरातील वाचकांनी आपल्या घरावरून पुढचा अंदाज करावा. परंतु त्याच अहवालातील आणखी एक आकडा अधिक विचार करावयास लावणारा आहे. त्रास देणाऱ्या व्यक्तीला अडवावे कसे व तिच्याविरुद्ध तक्रार नोंदवावी कशी, हे यांपैकी ६२ टक्के मुलांना येत होते. आपले खाते परक्यांना दिसू नये अशी व्यवस्था करणे ५५.२ टक्क्यांनाच ठाऊक होते. नदीवर दररोज जाणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांनाच पोहता येते, असे कळले तर गावातील जाणती माणसे काय करतील? नदीवर जाऊ नका, असे ती सांगतीलच. पण त्याबरोबर पोहावयासही शिकवतील.

या नदीत भोवरा नेमका कोठे आहे, हे बहुसंख्य पालकांना ठाऊक नसते. त्यांची समजूत अशी की, मूल फार वेळ फोन पाहते हाच धोका होय. डोळे बिघडतात, अभ्यास मागे पडतो, झोप जाते हे खरेच आहे. पण ते नुकसान हळूहळू होते आणि डोळ्यांना दिसते. दुसरे संकट मुकाट्याने येते. एखाद्या खेळात परक्या माणसाची ओळख होते. तो आपले वय मुलाच्या वयाइतकेच सांगतो, खेळातल्या चार वस्तू भेट देतो, घरच्यांनी रागावल्याचे दुःख समजून घेतो. काही दिवसांनी तो खेळ सोडून खासगी संभाषणाच्या ठिकाणी येण्यास सांगतो. तेथे एक छायाचित्र मागतो, मग दुसरे. आणि एक दिवस त्याचा सूर एकाएकी बदलतो. ‘पैसे दे, नाही तर हे तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना पाठवतो.’ आता तर छायाचित्र मागण्याचीही गरज उरलेली नाही. मुलीने शाळेच्या स्नेहसंमेलनाचे साधे चित्र कोठे टाकले असेल, तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी त्यावरून खोटे, अश्लील चित्र तयार करता येते.

या साऱ्या सापळ्याची कळ कोठे आहे, ते पाहावे. ‘तुझ्या बाबांना कळले तर?’ या एका प्रश्नावर तो उभा आहे. मूल घरच्यांना सांगणार नाही, हीच त्या गुन्हेगाराची खात्री असते. ज्या घरात चूक सांगितल्यावर आधी थप्पड बसते आणि मग विचारपूस होते, त्या घरातील मूल त्याला आयतेच सापडते. फोन काढून घेतला जाईल या भीतीने मुले धमकी सोसतात, पैसे देतात, आणखी छायाचित्रे देतात. आणि कोंडी असह्य झाली म्हणजे काही मुले जिवाचे बरेवाईट करून घेण्याच्या टोकाला जातात.

प्रस्तुत लेखकाने संपादकाच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी काही वर्षे शाळेत शिकविले आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट निश्चितपणे सांगता येते. वर्गातील काच फुटली आणि शिक्षकाने दारातूनच ‘कोणी फोडली? त्याला आज सोडणार नाही’ अशी गर्जना केली, तर चाळीस मुलांपैकी एकही बोलत नाही. हातात काच घुसलेला मुलगाही मूठ मिटून बसून राहतो. बांशीच्या ठरावातील दंडाविषयी आमचा आक्षेप हाच आहे. दंडाच्या धाकाने फोनचा वापर थोडा कमी होईलही. पण जे मूल चोरून वापरील ते संकटात सापडल्यावर तोंड उघडणार नाही, कारण तोंड उघडणे म्हणजे दंडाची कबुली देणे होय. ही उणीव केवळ बांशीची नव्हे. आपल्यापैकी बहुतेक घरांत असा अलिखित ठराव आधीच संमत झालेला आहे.

मुलींच्या बाबतीत तर हा दंड फार जड असतो. ‘असर’च्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे. मुलाने तक्रार आणली तर त्याचा फोन आठवडाभर जातो. मुलीने आणली तर फोनबरोबर शिकवणी जाते, मैत्रिणी जातात, कधी कधी शाळाच सुटते आणि घरात स्थळांची चर्चा सुरू होते. अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षा हिला! असे असताना आपल्या मुली आपल्याला काही सांगत नाहीत म्हणून आपण कोणत्या तोंडाने गाऱ्हाणे करावे?

म्हणून पालकांचे पहिले कर्तव्य फोनमधील कोणत्याही व्यवस्थेच्या आधी येते. त्यांनी मुलाला एक वचन, संकट येण्यापूर्वी, शांत वेळी आणि स्पष्ट शब्दांत दिले पाहिजे : ‘तुझ्या हातून काहीही झाले असले तरी आधी मला सांग. मी ओरडणार नाही, तुझा फोन काढून घेणार नाही. आधी आपण दोघे मिळून त्यातून बाहेर पडू. काय चुकले ते मागाहून पाहू.’ आणि ते वचन पहिल्या प्रसंगी, मनात कितीही संताप असला तरी, पाळले पाहिजे. ते एकदा मोडले की पुन्हा दिले जात नाही.

असा प्रसंग आलाच तर काय करावे, हेही माहीत असावे. धमकी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये; एकदा पैसे मिळाले की तो पुन्हा मागतो. घाबरून संभाषण पुसून टाकू नये. त्याचे स्क्रीनशॉट, खात्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक जपून ठेवावेत, कारण पुरावा तोच असतो. त्यानंतर ते खाते अडवावे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम वाटेत गोठविली जाण्याची शक्यता अधिक. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. केंद्र शासनाच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर मुलांच्या लैंगिक शोषणाची तक्रार नाव न सांगताही नोंदविता येते. बालकांची अश्लील चित्रे बनविणे, पसरविणे किंवा बाळगणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गंभीर गुन्हा असून पहिल्याच अपराधाला पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पीडित मुलाची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. ‘पोलिसांत गेलो तर गावभर होईल’ या भीतीने गप्प बसणाऱ्या आईबापांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट खोट्या जन्मवर्षाची. आपल्या आजोबांच्या पिढीत कित्येकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी लागलेली असे, कारण मास्तरांनी ती अंदाजाने लिहिलेली असे. त्यात कोणाचे फारसे बिघडले नाही. आजचे पालक मात्र दहा वर्षांच्या मुलाचे खाते उघडताना त्याला वीस वर्षांचा करून ठेवतात आणि त्यामुळे पुष्कळच बिघडते. इन्स्टाग्रामने अठरा वर्षांखालील मुलांसाठी निराळी खाती केली असून भारतात ती २०२५ पासून आली. ती परक्यांना दिसत नाहीत, अनोळखी माणसाला त्यांवर संदेश पाठविता येत नाही आणि सोळा वर्षांखालील मुलाला ही बंधने सैल करावयाची तर पालकांची संमती लागते. वय खोटे सांगितले की हे सारे कुंपण आपल्याच हाताने उपटले जाते. वर मुलाला असा धडा मिळतो की, या जगात प्रवेश करण्याची रीतच खोटे बोलण्याची आहे, आणि तो धडा प्रत्यक्ष आईबापांनी दिलेला असतो.

कुंपणाचे बाकीचे काम एका रविवारच्या सकाळी आटोपण्यासारखे आहे. मुलाला शेजारी बसवून, त्याच्या देखत आणि त्याच्या मदतीने ते करावे. चोरून त्याचा फोन उघडू नये. व्हॉट्सअॅपवर अनोळखी माणसाला त्याला कोणत्याही गटात ओढता येऊ नये, खेळांत परक्यांशी बोलण्याची सोय बंद असावी, फोनला त्याचे ठावठिकाण सर्वांना सांगण्याची मुभा नसावी. पैसे पाठविण्याचा गुप्त अंक मुलाला सांगू नये; ‘बाबा, दळणाचे पैसे देऊन येतो’ म्हणून सांगितलेला अंक पुढे खेळातल्या खरेदीलाही उपयोगी पडतो. रात्री सर्वांचे फोन बैठकीच्या खोलीत राहावेत. आणि ज्या आईबापांना गणवेशातील मुलाचे छायाचित्र शाळेच्या नावासह दर पंधरा दिवसांनी जगाला दाखविण्याची हौस आहे, त्यांनी ती थोडी आवरावी.

‘सर्वांचे फोन’ हे शब्द आम्ही हेतुपुरस्सर योजिले आहेत. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. तेथेही २०२२ मध्येच ग्रामसभेने एक निर्णय घेतला. परंतु त्याची तऱ्हा निराळी होती. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो आणि घराघरांतील दूरचित्रवाणी व मोबाइल बंद होतात. साडेआठ वाजता दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी त्यांना साथ द्यावी, अशी ती योजना. बांशीने बंधन मुलांवर घातले. वडगावने ते स्वतःवर घेतले. आम्हांला दुसरी वाट अधिक पसंत आहे. जो बाप जेवताना एका हाताने घास घेतो आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोट फिरवितो, त्याने मुलाला फोनचे दुष्परिणाम सांगणे म्हणजे आडात नसलेले पाणी पोहऱ्यात शोधण्यासारखे आहे. यवतमाळ, पुसद किंवा वणी येथील एखाद्या गृहनिर्माण संस्थेने असा दीड तास पाळून पाहावयास काय हरकत आहे? त्याला ना शासनाचा आदेश लागतो, ना खर्च.

तथापि सारा भार आईबापांवर टाकून मोकळे होणे हाही अन्यायच होईल. ज्या यंत्रापुढे मोठमोठी माणसे आपले भान विसरतात, ते यंत्र माणसाने शक्य तितका वेळ त्यावर खिळून राहावे याच हेतूने बनविलेले आहे. एका बाजूला जगातील बलाढ्य कंपन्यांचे हजारो अभियंते आणि दुसऱ्या बाजूला दिवसभर नोकरी करून थकलेली आई, ही लढत बरोबरीची नव्हे. येथे दंडाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो : दंड करावयाचा तो कोणाला? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई केली. त्या कायद्यात मुलाला शिक्षा नाही, पालकालाही नाही. मुलांना दूर ठेवण्याची वाजवी व्यवस्था न करणाऱ्या कंपनीला मात्र ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा जो कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, त्यातही शिक्षा ठेवली आहे ती खेळ मांडणाऱ्याला; खेळणाऱ्याला नव्हे. आमच्या मते न्यायाची दिशा हीच होय.

आपल्या देशाचा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरावयाची तर पालकांची पडताळलेली संमती घ्यावी, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे तो सांगतो. आणि ही बंधने मोडणाऱ्याला दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यास त्या वेळेपासून अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. ही मुदत वाढवून मागणारे पुष्कळ निघतील, कारण मुलांची माहिती हा मोठा व्यापार आहे. मुदत एक दिवसही वाढू नये, यासाठी पालकांनी आपल्या खासदारांकडे आग्रह धरला पाहिजे. पाणी, वीज, रस्ते यांसाठी आपण निवेदने देतो. मुलांसाठी एक निवेदन देणे काही अवघड नाही.

शाळांनाही एक विनंती करावीशी वाटते. प्राथमिक वर्गांचा गृहपाठ पुन्हा वहीत लिहून द्यावा. फळा आणि खडू अजून संपलेले नाहीत. आणि प्रत्येक शाळेने एक शिक्षक किंवा शिक्षिका अशी नेमावी की, घरी सांगण्याचे धैर्य नसलेल्या मुलाला तिच्यापाशी जाता येईल. त्या व्यक्तीला सायबर गुन्ह्यांची आणि कायद्याची माहिती असावी. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती मुलांना आवडणारी असावी. जिल्हा परिषदेने आणि खासगी संस्थांनी मनावर घेतले तर पुढच्या जूनमध्ये शाळा उघडताना हे होऊ शकते.

बांशीच्या ग्रामस्थांनी हा प्रश्न आपल्या सर्वांपुढे ठेवला, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. त्यांच्या ठरावात आम्ही दोन दुरुस्त्या सुचवितो. बंधन घालावयाचे ते घरातील लहानथोर सर्वांवर घालावे. आणि दंडाचे कलम मुलांवरून काढून मुलांच्या अजाणतेपणावर पैसा कमावणाऱ्यांवर घालावे. दुसरी दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेचा आहे आणि तिच्यासाठी आपल्याला झगडावे लागेल. पहिलीला मात्र कोणाची वाट पाहावी लागत नाही. आज सायंकाळी घरी गेल्यावर आपला फोन बाजूला ठेवून मुलापाशी बसावे आणि वर लिहिलेले वचन त्याला द्यावे. ते ऐकून मूल कदाचित हसेल, कदाचित विषय बदलील; पण ते शब्द त्याच्या लक्षात राहतील, आणि कधी तरी एखाद्या रात्री तेच त्याला आपल्या खोलीच्या दारापर्यंत घेऊन येतील.